नदीकाठची जागा, पूररेषा आणि बांधकाम परवानगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठी घर, प्लॉट किंवा शेत असलेल्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांना आधार आहे तो डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचा. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रे, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे अधिसूचित क्षेत्र), लोणावळा, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित भागांना ही नियमावली लागू नाही. तिथले नियम त्यांच्या त्यांच्या कार्यालयात पाहावे लागतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण लोकांचे पैसे सर्वांत जास्त तिथेच अडकतात. पूररेषा ठरते ती जमिनीच्या उंचीवरून. नदीपासून किती लांब आहात याला त्यात फारसा अर्थ नाही. नदीपासून अर्ध्या किलोमीटरवरचा खोलगट प्लॉट रेषेत येऊ शकतो आणि काठावरचाच उंचवटा बाहेर राहू शकतो. म्हणून व्यवहार करण्याआधी प्रश्न 4 नक्की वाचा.

1. निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे नेमके काय?

दोन्ही रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. 21 सप्टेंबर 1989 च्या परिपत्रकापासून ही पद्धत राज्यात रुळली. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो जास्त असेल त्याचे पाणी जिथपर्यंत पोचते ती निळी रेषा. सरासरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. वर धरण असेल तर त्याच्या सांडव्यातून सुटू शकणारा विसर्गही लाल रेषेच्या हिशेबात धरला जातो.

नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या व लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. लाल रेषेच्या बाहेर पुराचे बंधन नाही, बाकीचे नियम नेहमीचेच.

2. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आमच्या हयातीत तरी येणार नाही ना?

तसे नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर. यंदा येऊन गेला म्हणून पुढची 99 वर्षे मोकळी मिळत नाहीत. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के निघते, आणि निळ्या रेषेच्या पुराची जवळपास 70 टक्के. सांगली-कोल्हापूरकरांना हे गणित समजावून सांगावे लागत नाही. 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर त्यांनी सोळा वर्षांत पाहिले.

3. बातम्यांत येणारी इशारा पातळी आणि धोका पातळी म्हणजे याच रेषा का?

नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43, हे त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरचे आकडे आहेत. लोकांना सावध करण्यासाठी आणि स्थलांतराचा निर्णय घेण्यासाठी ते वापरतात. पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजलेली असते. ‘2019 ला आयर्विनवर 57 फूट पाणी होते तेव्हा आमच्या दारात आले नाही’ ही माहिती कामाची आहे, पण परवानगीच्या अर्जाला ती पुरत नाही.

4. माझा प्लॉट पूररेषेत येतो की नाही, हे कसे कळेल?

सातबाऱ्यावर पूररेषा नसते. मिळकत पत्रिकेवरही नसते. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधक ती तपासत नाहीत, त्यामुळे ‘रजिस्ट्री बिनबोभाट झाली’ याचा इथे काही उपयोग नाही.

आधी महापालिका, नगरपरिषद किंवा नगररचना कार्यालयातून त्या गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. विकास योजनेवर रेषा असेल तर ती त्यात दिसते. मात्र त्या नकाशाचे प्रमाण लहान असते. कागदावर मिलिमीटरभर सरकलेली रेषा जागेवर कितीतरी मीटर सरकते. प्लॉट रेषेच्या जवळपास असेल तर नकाशावर बोट ठेवून निर्णय घेऊ नका.

मग पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात अर्ज करून तुमच्या जागेसमोरची निळी आणि लाल पूरपातळी लेखी मागा. नदीला उतार असल्यामुळे पातळी प्रत्येक छेदावर, म्हणजे पात्र आडवे मोजलेल्या प्रत्येक ठिकाणी, बदलते. गावासाठी एकच आकडा सांगितला असेल तर तो कोणत्या छेदाचा, हे विचारून घ्या. वरच्या वळणावरचा आकडा खालच्या वळणाला लावला की सगळा हिशेब चुकतो.

शेवटी परवानाधारक सर्वेक्षकाकडून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची आणि मधल्या खोलगट भागाची लेव्हल घ्या. ती अधिकृत बेंचमार्कला, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठरलेल्या खुणेला, जोडलेली हवी. रस्त्याची उंची 100 मीटर मानून काढलेली लेव्हल घराच्या उतारासाठी चालते, पूररेषेसाठी तिचा उपयोग नाही. हा खर्च जागेच्या किमतीपुढे नगण्य आहे. माझे आग्रहाचे सांगणे आहे की तो विसार देण्याआधी करा, नंतर नको.

5. निळ्या रेषेच्या आत काहीच बांधता येत नाही का?

घर, दुकान, गोदाम, लॉन्सचा हॉल यांपैकी काहीही बांधता येत नाही. जागा योग्य असेल तर वाहनतळ, ओट्यांची उघडी भाजीमंडई, बाग, हिरवळ, मोकळी जागा, स्मशानभूमी व दफनभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाणी, गॅस व मलनिस्सारणाच्या वाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह आणि यांसारखे वापर चालतात. पत्र्याची शेड ‘तात्पुरती’ म्हणून चालते का, हा प्रश्न हमखास येतो. शेड हेही बांधकामच आहे. पूर्वीपासून अधिकृत असलेल्या मिळकतींना एक वेगळी वाट आहे, ती प्रश्न 11 मध्ये आहे.

6. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे प्लॉट आहे. घर कसे बांधता येईल?

येईल, पण बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवे. म्हणजे साधारण दीड फूट. इथे बहुतेकांची गफलत होते. हे दीड फूट रस्त्यापासून किंवा जमिनीपासून मोजायचे नाही, लाल पातळीपासून मोजायचे आहे.

समजा लाल पातळी 543.20 मीटर आहे आणि तुमच्या प्लॉटची जमीन 541.40 वर आहे. मग राहत्या मजल्याची फरशी 543.65 च्या खाली येता कामा नये. जमिनीपासून ती 2.25 मीटर वर जाते, म्हणजे सुमारे साडेसात फूट. प्रत्येक पायरी 15 सेंटिमीटरची धरली तर दारात पोचायला 15 पायऱ्या होतात. घरात गुडघे दुखणारी आई किंवा चाकाच्या खुर्चीवरचे वडील असतील, तर हा आकडा आराखड्याच्या पहिल्या दिवशी समोर हवा.

इतकी उंची लागते तिथे खाली खांबांवर मोकळे पार्किंग ठेवणे शहाणपणाचे. पाण्याला वाट राहते आणि भरावाचा प्रश्नही येत नाही (प्रश्न 7). मात्र परवानगी मिळाली की हेच पार्किंग विटांनी बंद करून भाड्याची खोली काढली जाते. ते मंजूर नकाशाचे उल्लंघन आहेच, पण खरी भीती दुसरी आहे. पुराच्या रात्री तिथे झोपलेला भाडेकरू सर्वांत आधी अडकतो. तसे करू नका, शेजाऱ्यालाही करू देऊ नका.

विजेचे मीटर, इन्व्हर्टर, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर हे सगळे मजल्याच्या पातळीवर घ्या. लिफ्ट असेल तर तिची यंत्रणा खड्ड्यात ठेवू नका. सेप्टिक टाकीचे झाकण घट्ट बसणारे असू द्या, नाहीतर पुराच्या पहिल्या तासात तीच टाकी उलटी वाहू लागते.

7. मुरूम टाकून प्लॉट लाल रेषेच्या वर उचलला तर प्रश्न मिटेल ना?

मिटत नाही. भराव टाकल्याने तुमची जमीन वर येते, नदीचे पाणी मात्र कमी होत नाही. ते शेजारच्या वस्तीत किंवा समोरच्या काठावर जाते. शिवाय रेषा मूळ जमिनीच्या पातळीवर आखलेली असते. भरावानंतर घेतलेली लेव्हल दाखवून ‘आता आम्ही बाहेर आलो’ असे म्हणता येत नाही. निषिद्ध क्षेत्रातला भराव हा पात्रावरचाच अडथळा समजून तो काढायला लावतात, त्याचा खर्चही मालकावर येऊ शकतो.

नियंत्रित क्षेत्रात मंजूर नकाशाप्रमाणे जोत्यापुरती भर घालणे वेगळे आणि सगळा प्लॉट उचलणे वेगळे. मुरूम आणायचा तर गौण खनिजाचे स्वामित्वधन भरल्याची पावती आणि वाहतूक परवाना लागतो. बांधकामाचा राडारोडा फुकट मिळतो म्हणून काठावर टाकून घेणारे अजूनही भेटतात. पुढची नोटीस राडारोडा टाकणाऱ्याच्या नावाने निघत नाही, जागामालकाच्या नावाने निघते.

8. परवानगी कोणाकडून घ्यायची आणि कागद कोणते लागतात?

शहरात महापालिका किंवा नगरपरिषद, प्राधिकरणाच्या हद्दीत ते प्राधिकरण आणि प्रादेशिक योजनेतल्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, नगररचना कार्यालयाच्या तपासणीसह. अर्जाचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 44. ग्रामपंचायतीचा ‘ना-हरकत’ ठराव म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, झोन दाखला आणि वास्तुविशारदाने किंवा परवानाधारक अभियंत्याने केलेला नकाशा हे नेहमीचे कागद. त्यात पूरपातळीचे पत्र आणि प्रश्न 4 मधला लेव्हलचा नकाशा जोडा. बांधकामाच्या छेद-नकाशावर निळी पातळी, लाल पातळी आणि फरशीची पातळी अशा तीन आडव्या रेषा आकड्यांसह दाखवायला सांगा. यामुळे तपासणाऱ्याचे काम सोपे होते आणि तुमची फाईल शेऱ्यांसह परत येण्याची शक्यता कमी होते. जोते झाल्यावर त्याची उंची त्याच बेंचमार्कवरून मोजून ठेवा. वरचे मजले चढल्यावर चूक सापडली तर दुरुस्त करता येत नाही.

9. आमच्या गावात पूररेषा आखलेलीच नाही. मग बंधन नाही ना?

आखलेली नाही म्हणून पूर येत नाही असे नाही, आणि नियमही पूर्ण मोकळा सोडत नाहीत. नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासून 15 मीटरच्या आतली जागा बांधकामायोग्य धरली जात नाही. ही अट पूररेषेपेक्षा वेगळी आहे आणि रेषा असो वा नसो लागू होते. त्यापुढच्या जागेसाठी परवानगी देणारे कार्यालय जलसंपदा विभागाचा अभिप्राय मागू शकते. तुम्ही स्वतः जुन्या पुराच्या खुणा शोधा: देवळाच्या भिंतीवरची रेघ, शाळेच्या पायऱ्या, पुलाचा कठडा. त्या खुणांची लेव्हल प्लॉटच्या लेव्हलशी जुळवून घ्या आणि घर त्या वर ठेवा.

10. अर्धाच प्लॉट निळ्या रेषेत आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय?

निळ्या रेषेबाहेरच्या भागात बांधता येते, तो लाल रेषेच्या आत असेल तर प्रश्न 6 मधल्या अटीने. जागा निवासी, वाणिज्य, सार्वजनिक-निमसार्वजनिक किंवा औद्योगिक अशा विकसनक्षम विभागात असेल, तर निळ्या रेषेतल्या भागाचा एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारे बांधकामाचे क्षेत्र) उरलेल्या जागेवर वापरण्याची मुभाही नियमावलीत आहे. हे बऱ्याच मालकांना ठाऊक नसते आणि ते जागा मातीमोल भावाने विकून टाकतात. विकण्याआधी वास्तुविशारदाकडून याचा हिशेब करून घ्या. शेती विभागातल्या जमिनीला ही मुभा नाही.

11. आजोबांच्या काळापासूनचे घर निळ्या रेषेत आहे, पुरात पडले. तिथेच पुन्हा बांधता येईल का?

घर अधिकृत असेल तर वाट आहे. निळ्या रेषेच्या आतल्या पूर्वीपासूनच्या अधिकृत मिळकतींचा पुनर्विकास, लाल पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच आणि पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीसह, मंजूर होऊ शकतो. ‘अधिकृत’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. जुना मंजूर नकाशा, परवानगीचे पत्र, पूर्णत्वाचा दाखला, सिटी सर्व्हेचे जुने उतारे, जे हाती असेल ते गोळा करा. कागद पुरात वाहून गेले असतील तर पालिकेच्या अभिलेखातून प्रती माहिती अधिकारात मागता येतात. पडझडीचा पंचनामा जपून ठेवा आणि त्यात भिंतींची मापे लिहून घ्यायला तलाठ्यांना विनंती करा.

परवानगी मिळणे आणि तिथे राहणे सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर काही वर्षांनी पाणी चढणारी जागा असेल, तर पैसे असतील तोवर दुसरीकडे घर बघा असेच मी सांगेन.

12. पुरानंतर नुसती दुरुस्ती करायची आहे. तीही विचारून?

गिलावा, रंग, फरशी, दारे-खिडक्या त्याच जागी बदलणे अशा कामांना सहसा परवानगी लागत नाही. भिंत सरकवणे, खांब-तुळईला हात लावणे, मजला किंवा खोली वाढवणे याला लागते. पुराने भिजलेल्या जुन्या मातीच्या भिंतीवर लगेच सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत अडकते आणि भिंत पुढच्या पावसाळ्यात पोट काढते.

13. घरपट्टी भरतो, वीज-पाणी आहे. म्हणजे घर अधिकृत झाले की!

नाही झाले. कर आकारणीमुळे बांधकाम नियमित होत नाही, बऱ्याच पावत्यांवर तसे छापलेलेही असते. विनापरवाना बांधकामाला नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची (बांधकाम काढण्याची) नोटीस येऊ शकते. दंड भरून नियमित करण्याच्या 2017 च्या नियमांतूनही निळ्या पूररेषेतली बांधकामे वगळलेली आहेत. एजंट ‘दंड भरून करून देतो’ म्हणाला तर निळ्या रेषेचे नाव काढा आणि उत्तर लेखी मागा.

14. नदीकाठच्या प्रकल्पात फ्लॅट किंवा बंगला घेतोय. काय बघू?

महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा आणि परवानगी पाहा. परवानगीच्या पत्रातल्या अटी शेवटपर्यंत वाचा, पूररेषेची अट बहुधा त्यांतच असते. कर्ज मंजूर झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. बँक कर्जफेडीची खातरजमा करते, ती नदीची पातळी मोजायला जात नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या काठी निळ्या रेषेतले 36 बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर 17 मे 2025 रोजी पाडले गेले. सर्वोच्च न्यायालयातही मालकांना दिलासा मिळाला नाही. त्या लोकांनी आयुष्याची कमाई घातली होती. प्लॉटिंगच्या जाहिरातीत ‘रिव्हर टच’ दिसले की प्रश्न 4 पासून सुरुवात करा.

15. काठाला शेती आहे. पंपघर, गोठा, फार्महाऊस?

मळीच्या जमिनीत पीक घ्यायला पूररेषेची आडकाठी नाही. नदीवरून पाणी उचलायचे तर पाटबंधारे विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. निळ्या रेषेत पक्का गोठा बांधू नका. परवानगीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी दावणीला बांधलेली जनावरे रात्रीच्या पुरात सुटत नाहीत. फार्महाऊसला शेती विभागाच्या अटी (किमान 0.4 हेक्टर जमीन) आणि त्यावर पूररेषेच्या अटी, दोन्ही लागतात.

16. खाडीजवळ, कोकणात आहोत. नियम तेच का?

पूररेषेचे तेच, पण भरतीचे पाणी चढते तिथपर्यंत सीआरझेडही (किनारपट्टीवरच्या बांधकामावरचे केंद्राचे निर्बंध) लागू होतो. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी भरती रेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते अंतर. दोन्ही बंधने एकाच प्लॉटवर आली तर दोन्ही पाळावी लागतात. एका कार्यालयाचा दाखला दुसऱ्यासाठी चालत नाही.

17. रेषा चुकीची आखली आहे असे वाटते. कोणाकडे दाद मागू?

पालिकेकडे नाही. रेषा जलसंपदा विभागाची आहे, त्यामुळे अर्जही कार्यकारी अभियंत्यांकडे. ‘आमच्याकडे कधी पाणी आले नाही’ एवढ्यावर काही होत नाही. बेंचमार्कला जोडलेली लेव्हल, तुमच्या समोरच्या छेदाचा आकडा आणि दोन्हींतली तफावत दाखवा. सर्वेक्षणाची कागदपत्रे माहिती अधिकारात मागा, उत्तराची मुदत 30 दिवस. विभागाने रेषा बदलली की विकास योजनेवरची रेषाही आपोआप बदललेली समजली जाते, त्यासाठी योजनेच्या फेरबदलाची वेगळी प्रक्रिया लागत नाही.

18. परवानगी मिळाली, काम सुरू व्हायचे आहे आणि मधेच रेषा बदलली. आता?

आधीच्या प्रश्नातला नियम इथे उलटाही लागू होतो: रेषा पुढे सरकली तर नकाशावरही सरकते. दिलेली परवानगी त्यामुळे आपोआप रद्द होत नाही. पण नगररचना अधिनियमाच्या कलम 51 खाली नियोजन प्राधिकरण ती बदलू किंवा मागे घेऊ शकते आणि तसे झाल्यास झालेल्या खर्चाची भरपाई मागता येते. मुदत संपून नव्याने अर्ज करावा लागला तर नवी पातळी लागू होणार हे धरून चाला. काम सुरू झालेले नसेल तर नकाशा नव्या पातळीप्रमाणे सुधारून घ्या. जोत्याला थोडा जास्त खर्च येईल, पण आकडा वाढला याचा अर्थ तिथे पाणी पूर्वी मानले त्यापेक्षा जास्त चढते.

19. पूररेषेतल्या घराला विमा मिळतो का?

1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पुराचे नुकसान समाविष्ट आहे. प्रस्तावात जागेची माहिती खरी लिहा, लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी अंगाशी येते. मे महिन्यातच घराचे आणि सामानाचे फोटो काढून फोनबाहेर कुठेतरी साठवा. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो मोजपट्टी लावून घ्या. विम्याच्या सर्वेक्षकाला तो लागतो आणि पुढे प्रश्न 17 मधला अर्ज करायची वेळ आली तर तिथेही लागेल.